पियानोच्या दुकानातला रविवार

पियानो हे वाद्य आपल्यापैकी बहुतेकांनी प्रथम पाहिले ते सिनेमाच्या पडद्यावर. प्रचंड दिवाणखाना, वळणावळणाचा जिना, वाढदिवसाची पार्टी आणि मधोमध काळाभोर पियानो. 1949 सालच्या 'अंदाज'मध्ये दिलीपकुमार त्यावर बसला, 1964 सालच्या 'संगम'मध्ये राज कपूर बसला. नायकाचे काळीज दुखावले की त्याने पियानोकडे वळायचे, हा शिरस्ताच पडून गेला. बोटे कुठे पडतात आणि स्वर कुठला निघतो, याची चौकशी तेव्हा कोणी केली नाही. आणि त्या पियानोंना कधी ट्यूनर लागल्याचे मला तरी एकाही चित्रपटात पाहिल्याचे आठवत नाही.

प्रत्यक्षात पियानो हे भलतेच नाजूक प्रकरण आहे, हे मला गेल्या पावसाळ्यात कळले. माझे स्वतःचे वाद्य पेटी. भजनाला आणि घरगुती मैफलीला पुरेल इतपत वाजवतो. माझी भाची मात्र पियानो शिकते. एके दिवशी ती म्हणाली, "मामा, रविवारी आमच्या दुकानात चला. महिन्यातून एकदा मंडळी जमतात. कोणीही यावं, वाटेल ते वाजवावं. चहा फुकट."

शेवटच्या दोन शब्दांनी माझा होकार मिळवला, हे सांगायला नकोच.

धोबी तलावावरच्या जेर महालातले फुर्तादोंचे जुने दुकान मुंबईकरांना ठाऊक आहे. भाची मला घेऊन गेली ते हे नव्हे. ते दुसरे, पुष्कळच लहान, दक्षिण मुंबईतल्या एका गल्लीत. नाव लिहीत नाही, नाहीतर संपादक जाहिरातीचे बिल पाठवायचे. आत शिरलो तर पियानो दाटीवाटीने उभे, जणू चर्चगेटचा सकाळचा फलाट. एक मोठा, आडवा पसरलेला. बाकी सारे भिंतीला पाठ लावून उभे राहणारे. लाकूड, पॉलिश आणि डांबराच्या गोळ्या यांचा मिळून एक वास. खुर्च्या पुरेनात म्हणून पियानोपुढची बैठी स्टुले ओढून मंडळी बसली होती. एक पारशी बाई, एक दंतवैद्य, कॉलेजातली तीन मुले, एक निवृत्त रेल्वे अधिकारी, वसईहून आलेले बापलेक आणि कोपऱ्यात, गुडघ्यावर चामड्याची पिशवी घेऊन, दुकानाचे म्हातारे ट्यूनर. हे मूळचे बारदेशचे. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी शिकवीत. तिथे शिकलेल्यांच्या पिढ्या मुंबईच्या बँडांत आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवत आल्या. शंकर-जयकिशनच्या गाण्यांमागे व्हायोलिनांचा जो थाट उभा राहतो, त्याची स्वररचना लिहून देणारे सेबॅस्टियन डिसोझा गोव्याचेच. आमचे ट्यूनरही त्याच मातीतले. ते वाजवीत नाहीत, वाजते ठेवतात.

दुकानात मैफल ही कल्पना मला गमतीची वाटली होती. पण पियानोच्या बाबतीत ती जुनीच आहे. शोपँ पॅरिसमध्ये प्रथम लोकांपुढे वाजवायला बसला तो 1832 च्या फेब्रुवारीत, प्लेयेल या पियानो बनविणाऱ्याच्या दालनात. आणि पॅरिसमधली त्याची शेवटची मैफल 1848 च्या फेब्रुवारीत झाली, तीही प्लेयेलकडेच. न्यूयॉर्कमध्ये स्टाइनवे मंडळींनी 1866 साली आपल्या विक्रीच्या दालनाला जोडून सभागृहच बांधले. लंडनला बेखश्टाइन या जर्मन पेढीने 1901 साली दुकानाशेजारी असेच एक बांधले. पहिले महायुद्ध आले, शत्रूची मालमत्ता म्हणून 1916 साली ते विकले गेले आणि पुढच्या वर्षी विग्मोर हॉल या नावाने पुन्हा उघडले. ते आजही चालू आहे. कारण साधे आहे. पेटी बगलेत मारून कुणाच्याही घरी जाता येते. पियानो जागचा हलत नाही, तेव्हा माणसांनीच त्याच्याकडे जायचे.

तर मैफल सुरू झाली. दंतवैद्यांनी बाखची एक छोटी रचना वाजवली. मधे दोनदा थांबले, दोनदा पुढे गेले. रेल्वेवाल्यांनी जुनी हिंदी गाणी वाजवली तेव्हा कॉलेजची मुलेही गुणगुणू लागली. मग भाचीने मला पुढे ढकलले. मी भूप वाजवला. दोन मिनिटांत घाम फुटला. पेटीवर निदान भात्याने स्वर फुगवता, ओसरवता येतो. इथे हातोडी तारेवर पडली की स्वर जन्मला आणि त्याच क्षणापासून विझू लागला. मींड तर नाहीच. शिवाय गंधार! तंबोऱ्याच्या खर्जातून जो गंधार आपोआप ऐकू येतो, त्याहून पियानोचा गंधार जरा चढा असतो. सप्तकाचे बारा सारखे तुकडे पाडायचे म्हटले की हे व्हायचेच. आपल्या पेटीवर हाच आरोप वर्षानुवर्षे होत आला. मी तसे म्हणताच ट्यूनर कोपऱ्यातून म्हणाले, "बारा जणांचं कुटुंब आहे साहेब. प्रत्येकाला थोडं थोडं सोसावं लागतं. एकालाच सगळं दिलं तर अकरा रडतात."

मुंबईत जन्मलेल्या व्ही. बालसारांनी 1954 साली कलकत्ता गाठले आणि पुढे जन्मभर तिथे पियानोवर आपली गाणी वाजवली, हे मला ठाऊक होते. ते किती अवघड असेल, हे त्या दुपारी कळले.

आता मुख्य गोष्ट. भिंतीशी एक जुना जर्मन पियानो उभा होता. समोर पितळी मेणबत्तीदाने, ठिकठिकाणी पितळी स्क्रू. उष्ण देशांसाठी मुद्दाम असे पियानो बनवीत, कारण दमट हवेत नुसती सरस टिकत नाही. पट्ट्या अस्सल हस्तिदंती. हा पियानो त्या पारशी बाईंचा. मोठे घर सोडून त्या पुण्याला बहिणीकडे राहायला निघाल्या होत्या आणि तिथे याला जागा नव्हती, म्हणून दुकानात विक्रीला ठेवला होता. लहानपणापासून त्या यावर वाजवत आल्या. दिवसा झाकण उघडे ठेवायचे, कारण अंधारात हस्तिदंत पिवळा पडतो. आणि पावसाळ्यात पोटात एक छोटा बल्ब जळता ठेवायचा म्हणजे ओल धरत नाही. ही वडिलांची शिकवण त्यांनी इतकी वर्षे पाळली होती. मंडळींसाठी मावा केकही त्यांनीच आणला होता.

वसईचा मुलगा सोळा वर्षांचा. घरी त्याच्याकडे विजेवर चालणारा छोटा कीबोर्ड, 61 पट्ट्यांचा. पियानोला असतात 88. तो बाईंच्या पियानोवर बसला आणि पहिल्याच ओळीत इतक्या जोराने वाजवले की सगळे दचकले. कीबोर्डची पट्टी पिसासारखी असते, इथे प्रत्येक पट्टीमागे लाकडाची आणि नमद्याची यंत्रणा हलते. दुसऱ्या ओळीत त्याने हात आवरला, तर स्वर उमटेचना. तिसऱ्या ओळीला मात्र जमले. मग एक गोष्ट झाली ती सर्वांनीच पाहिली. वाजवता वाजवता उजवा हात वर वर गेला, त्याच्या कीबोर्डची हद्द जिथे संपते तिथे क्षणभर अडखळला, आणि पुढेही पट्ट्या आहेत हे ध्यानात येऊन तसाच पुढे गेला. बाई काही बोलल्या नाहीत. हातातला केक मात्र तसाच राहिला.

वडील वसईच्या एका कारखान्यात फिटर. त्यांनी मालकांना बाजूला घेऊन हळूच किंमत विचारली. मालकांनी ती कागदावर लिहून दाखवली. वडिलांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि सरळ ट्यूनरसमोर जाऊन उभे राहिले.

"मास्तर, घ्यावा का?"

दुकान शांत झाले. मालक मान खाली घालून बिलबुक चाळू लागले. म्हाताऱ्याने पिशवीतून किल्ली काढली, पियानोचे वरचे झाकण उचलले, पुढची फळी उतरवली आणि आम्हा सर्वांना जवळ बोलावले. पियानोत सुमारे सव्वादोनशे तारा. खर्जाच्या स्वराला एक किंवा दोन, वरच्या प्रत्येक स्वराला तीन तीन. साऱ्यांचा मिळून ताण पंधरा-वीस टन. तो पेलते ओतीव लोखंडाची चौकट. पण प्रत्येक तार ज्या पिनेला गुंडाळलेली असते ती पिन नुसत्या लाकडात ठोकलेली असते, आणि सगळा सूर त्या लाकडाच्या पकडीवर. पावसाळ्यात लाकूड फुगते, सूर चढतो; हवा कोरडी झाली की आकसते, सूर उतरतो. असे वर्षानुवर्षे चालले की भोके सैल पडतात.

त्यांनी एका स्वराच्या तीन तारांपैकी एकीत नमद्याची पाचर घातली आणि उरलेल्या दोन एकदम वाजवल्या. वाँव-वाँव-वाँव अशा लाटा ऐकू आल्या. किल्ली हळूच फिरवली तशा लाटा लांबल्या, मंदावल्या आणि एका क्षणी थांबल्या. दोन तारा एक झाल्या. तंबोरा जुळताना जो आनंद होतो, अगदी तोच. मग ते म्हणाले, "आता पाच मिनिटं थांबू या."

थांबलो. पुन्हा पट्टी दाबली. लाटा परत आल्या होत्या.

"खालच्या पिना घट्ट आहेत," ते वडिलांना म्हणाले. "मधल्या नि वरच्या ढिल्या. मी आज सूर लावीन, तुमच्या घरी पोचेपर्यंत उतरेल. असा असता तर मी घेतला नसता."

"माझा पियानो ढिला?" बाई उठल्याच. "चाळीस वर्षं तुम्हीच येते ना ट्यून करायला!"

"म्हणून तर मला माहीत आहे, बाई."

वडिलांचा चेहरा माझ्याने पाहवेना. मुलगा पट्ट्यांवरून हात काढून मांडीवर ठेवून बसला होता. तेवढ्यात एक गृहस्थ पुढे झाले. त्यांचे नवे हॉटेल उघडायचे होते. ते म्हणाले, लिहिलेली किंमत मी आत्ता देतो. वाजला नाही तरी चालेल, दिसायला हवा. दारातच ठेवू, वर फुलदाणी.

"वाजवनार कोन?" बाईंनी विचारले.

"स्पीकर आहेत ना."

बाईंनी मालकांकडे पाहिले. मालकांना घरभाडे आहे, नोकरांचे पगार आहेत. रोख गिऱ्हाईक समोर उभे. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. दुकान हे काही धर्मादाय संस्थान नव्हे. तरी ते लगेच 'हो' म्हणाले नाहीत, एवढे मी पाहिले.

मग बाईंनी ट्यूनरना विचारले, उपाय काय? उपाय होता. जुनी पिन काढायची, तिच्या जागी एक नंबर जाड पिन ठोकायची, तार पुन्हा गुंडाळायची. असे एकेक करत दीडशेहून अधिक पिना. खर्च पिनांचा थोडा, मजुरीचा फार. या वयात चार-पाच आठवड्यांचे काम, तेही हात साथ देईल तर. नव्या तारा सुरुवातीला सूर सोडत राहतात, म्हणून पुढे वर्षभर तीन-चारदा वसईला खेपा.

"माझ्या पैशांतून ते कापा," बाई म्हणाल्या, "आनि दीकरा, तू रोज झाकन उघडं ठेवशील काय?"

मुलाने मान हलवली. वडील काही बोलू लागले, तर बाईंनी त्यांच्या हातात मावा केक दिला. मालकांनी बिलबुक मिटले आणि म्हणाले, हमाली आणि टेंपो दुकानाचा. तोवर चहा निवून गेला होता, तो नव्याने सांगितला गेला. हॉटेलवाल्यांना दुसरा एक चकचकीत काळा पियानो दाखवला. त्याच्या आतला सारा नमदा कसरीने खाल्ला आहे, हेही ट्यूनरनी त्यांना न विचारता सांगितले. त्यांनी तो घेतला आणि ते अतिशय खुषीत गेले.

त्यानंतरच्या दोन रविवारी मी पुन्हा गेलो. एकदा बाईही आल्या होत्या. काढलेल्या पिना एका बिस्किटांच्या डब्यात पडत होत्या आणि त्या मोजण्याचे काम वसईच्या मुलाकडे होते. हे लिहीत असताना खबर आहे ती अशी: 140 पिना बसल्या, मधल्या सप्तकाचा सूर आठवडाभर टिकला. वडिलांनी इमारतीच्या जिन्याचे माप घेतले आहे. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दोन इंच कमी पडतात. खिडकीचे गज कापून दोरांनी वर घ्यायचे ठरले आहे, आणि त्यासाठी सोसायटीच्या सेक्रेटरींची परवानगी मागणारा अर्ज भाचीने माझ्याकडून लिहून घेतला आहे.