भाषासाधनांची बांधणी आणि समांतर कामांची संख्या

यवतमाळ जिल्ह्यात वणी, मारेगाव, झरी-जामणी, केळापूर या तालुक्यांतून ऐकू येणारी कोलामी ही द्राविडी कुलातील भाषा होय. मरे एमेनो यांचा कोलामीवरील ग्रंथ १९५५ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा अभ्यासकाची साधने वही, पेन्सिल आणि कान एवढीच होती. आज अशा भाषेच्या ध्वनिमुद्रणावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास ‘काल्डी’सारखा वाक्-अभिज्ञानाचा संच वापरावासा वाटणे स्वाभाविक आहे. हा संच प्रामुख्याने मूळ आज्ञावलीच्या रूपाने मिळतो; तो स्वतःच्या संगणकावर कंपाईल करून घ्यावा लागतो, आणि तेथेच पुष्कळांचे आठ-आठ दिवस व्यर्थ जातात.

बांधणीचे हे काम ‘मेक’ नावाची आज्ञावली पाहते. स्टुअर्ट फेल्डमन यांनी ती बेल प्रयोगशाळेत १९७६ साली रचली. कोणती फाइल कोणत्या फाइलीवर अवलंबून आहे याची नोंद वाचून, जी जुनी झाली असेल तेवढीच ती पुन्हा तयार करविते. एरवी ती एका वेळी एकच काम हाती घेते. ‘जे’ हा पर्याय व त्यापुढे आकडा दिल्यास तितकी कामे एकदम चालविते. काल्डीच्या बांधणीसूचनेत हा आकडा आपल्या यंत्राची एकके व रॅम पाहून ठरवावा असे सांगितलेले आहे. सूचना वाचली जात नाही, आकडा मात्र कुठून तरी उतरून घेतला जातो.

आकडा ठरविताना प्रथम प्रोसेसरची एकके मोजावीत. लिनक्सवर ‘एनप्रॉक’ ही आज्ञा ती सांगते. परंतु एकके दुप्पट झाली म्हणजे वेळ निम्मा होतो, हा समज खरा नव्हे. जिनिंगमध्ये अनेक जिन ओळीने चालत असले, तरी गाठ बांधणारा प्रेस एकच असेल तर रुई त्याच्यापाशी येऊन थांबते. कंपाईल केलेले शेकडो तुकडे शेवटी जोडण्याची क्रिया, म्हणजे लिंकिंग, ही अशीच आहे. जीन अॅमडाल यांनी १९६७ साली मांडलेला विचार तोच. समजा, एकूण काम ६० मिनिटांचे आहे व त्यांतील ६ मिनिटांचे विभागता येत नाही. चार कामे एकदम चालविल्यास साडेएकोणीस मिनिटे लागतील, आठ चालविल्यास पावणेतेरा. आणि कितीही चालविली तरी ६ मिनिटांच्या खाली जाता येणार नाही.

तथापि प्रत्यक्षात अडते ते बहुधा प्रोसेसरपाशी नव्हे, रॅमपाशी. काल्डी ज्यावर उभा आहे तो ‘ओपनएफएसटी’ हा ग्रंथसंग्रह सी प्लस प्लस भाषेतील साच्यांनी इतका भरलेला आहे की, त्यातील एकेक फाइल कंपाईल होताना एक-दोन गिगाबाइट रॅम सहज व्यापते. ८ गिगाबाइटच्या लॅपटॉपवर अशी आठ कामे एकदम सोडली, तर यंत्र डिस्कवर अदलाबदल करू लागते व सर्व कामे रखडतात. नाही तर लिनक्स स्वतःच एखादा कंपायलर मध्येच ठार करते. पडद्यावर ‘किल्ड’ असा शब्द दिसतो, आणि विद्यार्थी बिचारा दोष आज्ञावलीत शोधीत बसतो. यास्तव व्यवहार्य हिशेब असा: यंत्राच्या नित्य वापरासाठी २ गिगाबाइट बाजूला ठेवावे, उरलेल्या ६ ला २ ने भागावे, आणि येणारा ३ व प्रोसेसरची एकके यांत जो लहान तो आकडा घ्यावा. ‘जे’पुढे आकडाच न देणे हे सर्वांत वाईट, मग कामांवर मर्यादाच राहत नाही. यंत्रावर इतर कामेही चालू असतील, तर ‘एल’ या पर्यायाने भाराची सीमा घालता येते.

विदर्भातील उन्हाळ्याचाही येथे विचार करावा लागतो. पारा ४० अंशांच्या वर असताना लहान लॅपटॉप तापून आपला वेग आपणच कमी करतो. अशा वेळी तीन कामांऐवजी सहा चालविल्याने फारसे काही पदरात पडत नाही. वीज गेल्यास डेस्कटॉपवर निराळेच संकट ओढवते. त्या क्षणी जितकी कामे चालू असतील तितक्या फाइली अर्धवट राहण्याचा संभव असतो. मेक पाहते ती केवळ फाइलीची वेळ. अर्धवट फाइल नवी दिसते म्हणून ती पूर्ण समजली जाते, आणि चूक उघडकीस येते ती पुढे लिंकिंगच्या वेळी. वीज परत आल्यावर शेवटच्या काही मिनिटांतील तयार तुकडे काढून टाकून मग बांधणी पुढे चालवावी.

राहता राहिला अवलंबनाच्या अपुऱ्या नोंदींचा प्रश्न. एकेक काम क्रमाने होत असताना अशी उणीव योगायोगाने झाकली जाते. समांतर बांधणीत ती कधी दिसते, कधी दिसत नाही. बांधणी अडल्यास, आणि अनेक कामांचे संदेश एकमेकांत मिसळून मूळ चूक सापडेनाशी झाल्यास, आकडा १ करून पुन्हा चालवावे. चूक त्याच जागी आली तर ती आज्ञावलीची किंवा एखाद्या न बसविलेल्या ग्रंथसंग्रहाची. नाहीशी झाली तर संशय रॅमवर वा नोंदींवर घ्यावा. रॅमचा दोष असल्यास ‘किल्ड’ची खूण यंत्राच्या नोंदवहीत बहुधा सापडते.