टर्की विकताय? नगावर नको, किलोवर भाव ठरवा. समजून घ्या खर्चाचं गणित

जालना : अंड्यांचा भाव 'एनईसीसी' रोज जाहीर करते. मका, सोयाबीनचा भाव मोंढ्यात कळतो. घरी पाळलेल्या टर्कीला मात्र असा जाहीर दर नाही. त्यामुळे परसात आठ-दहा पक्षी पाळणाऱ्याला दारात आलेला व्यापारी म्हणेल तोच भाव मान्य करावा लागतो. हे टाळायचं असेल तर आपला खर्च किलोमागे किती, हे आधी माहीत हवं.

समजा, २०० रुपयांना एक याप्रमाणे १० पिल्लं आणली. टर्कीची पिल्लं सुरुवातीचे काही आठवडे नाजूक असतात; काही तर दाणा-पाणी समोर असूनही खायला शिकत नाहीत. दोन दगावली, आठ उरली. सहा महिन्यांत १५० किलो खाद्य लागलं, ३२ रुपये किलोने ४,८०० रुपये. औषधं, लस, वीज, भुसा यांचे ६०० धरा. एकूण खर्च ७,४०० रुपये.

इथेच अनेकांची चूक होते. खर्चाला १० ने भागलं की पक्षी ७४० रुपयांना पडल्यासारखा वाटतो. पण विकायला आठच आहेत, म्हणजे खरा खर्च ९२५ रुपये. सरासरी वजन पाच किलो धरलं तर किलोमागे १८५ रुपये.

यात मजुरी नाही. रोज अर्धा तास, तासाला ४० रुपये धरले तरी सहा महिन्यांचे ३,६०० होतात. मग किलोचा खर्च २७५ वर जातो. नफा त्याच्या पुढे. भोकरदन-जाफराबादकडे मका घरचाच असतो, म्हणून तो हिशेबात धरत नाहीत. पण तोच मका मोंढ्यात विकला असता तर पैसे आलेच असते ना? तो बाजारभावानेच धरायचा.

उक्त्या भावात तोटा कुठे?

टर्कीचा नर मादीपेक्षा बराच वजनदार असतो. सगळ्यांना एकच भाव सांगितला की व्यापारी आधी नर उचलतो आणि हलक्या माद्या मागे राहतात. म्हणून काटा आपला ठेवावा आणि पक्षी समोरच तोलावा.

कापून, साफ करून द्यायचं असेल तर दर वेगळा. पाच किलोच्या पक्ष्यातून पावणेचार किलो मांस हाती आलं, तर २७५ चा खर्च किलोमागे ३६७ रुपये होतो. कापणावळ वेगळी. जिवंत पक्ष्याच्या दरात थोडे पैसे वाढवून मांस विकणारा इथेच फसतो.

वेळही बघावी लागते. मुंबई, पुणे, गोव्यात नाताळला टर्कीची मागणी वाढते. त्या बेताने पिल्लं जून-जुलैत आणलेली बरी. नाताळ हुकला आणि आठ पक्षी महिनाभर सांभाळावे लागले, तर रोज प्रत्येकी २०० ग्रॅम धरलं तरी ४८ किलो खाद्य जातं. म्हणजे आणखी १,५३६ रुपये.