पाडसाची हाक आणि बंदूक

जव्हार-मोखाड्याच्या रानात भेकर हे हरीण आढळते. पाडसाच्या भेदरलेल्या ओरडण्याची नक्कल करून हरणाला टप्प्यात आणणे ही जगभरच्या शिकाऱ्यांची युक्ती. तिचे मर्म मादीच्या स्वभावात आहे. सुझन लिंगल आणि टोबायस रीडे यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या कॅनडातील प्रयोगात हरिणींना सील, मांजर, इतकेच काय माणसाच्याही पिल्लांचे रडणे ऐकवले. स्वराची पट्टी आपल्या पाडसाशी जुळताच त्या ध्वनिवर्धकाकडे धावल्या. म्हणजे नक्कल हुबेहूब असावी लागतच नाही.

भेकरावर हा प्रयोग झालेला नव्हता, हा आक्षेप रास्त आहे. पण ही युक्ती भेकरावर चालली, तर हानी दुहेरी आहे: भेकराची मादी बहुधा एकाच पाडसाला जन्म देते आणि धावून आलेली आई मारली तर ते दूधपिते पिल्लूही बहुधा जगत नाही. ‘शिकार ही इथली जुनी रीत’ असेही म्हणतात. असेल, पण माग काढणे वेगळे आणि वात्सल्याचेच आमिष करणे वेगळे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ तर आमिष दाखवण्यालाही शिकारच मानतो, नुसता प्रयत्नसुद्धा. असा प्रकार दिसल्यास वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे.