पाना का निसटतो?

आठवड्याच्या बाजारात गोणपाटावर हत्यारे मांडून बसलेला विक्रेता तुम्ही पाहिला असेल. पाने, डिसमिस, पक्कड, हातोडी असा सारा संच तेथे थोड्या पैशांत मिळतो. अशाच एका बाजारातून मामांनी एकदा पान्यांचा संच आणला आणि दुसऱ्याच दिवशी मी सायकलीचे मागचे चाक काढावयास बसलो. नट गंजलेला होता. बळ लावून ओढताच पाना निसटला आणि माझ्या बोटांची सालटी चाकाच्या तारांवर निघाली. त्याहून वाईट गोष्ट नंतर ध्यानात आली. नटाचे कोपरे झिजून तो जवळजवळ वाटोळा झाला होता. आता चांगला पानाही त्याला धरीना.

मामा रागावले नाहीत. त्यांनी पाना उजेडात धरून मला त्याचे तोंड दाखवले. आतल्या बाजूस लोखंडाचा एक बारीक कंगोरा राहून गेला होता. साच्यात ठोकून हत्यार घडवताना असे कंगोरे राहतात. महाग हत्यारांवरून ते कारखान्यातच काढतात. स्वस्त हत्यारांच्या बाबतीत तेवढे श्रम कोणी घेतोच असे नाही. कंगोऱ्यामुळे पाना नटाच्या बाजूस सपाट टेकत नाही, केवळ कोपऱ्याला अडतो, आणि जोर पडला की कोपरा झिजतो. मामांनी बारीक कानशीने तेवढाच कंगोरा उतरवला. पाच-सात मिनिटांचे काम! मात्र हात आवरता आला पाहिजे. कानस जास्त चालली तर तोंड रुंद होते आणि मग तो पाना कायमचा निकामी ठरतो.

गोल तोंडाच्या पान्याची तऱ्हा निराळी. तो नटावर सहज बसावा म्हणून तोंडाच्या कडेला आतून उतार दिलेला असतो. स्वस्त पान्यात हा उतार पुष्कळदा फार खोल असतो. नट पातळ असला, तर त्याची बरीचशी उंची उतारातच जाते आणि पकड थोड्याच भागाला मिळते. असा पाना सहाणेच्या चाकावर समोरून घासून सपाट केला म्हणजे तो नटाला पूर्ण उंचीवर धरतो.

डिसमिसचे टोक पाहा. ते पाचरीसारखे निमुळते असेल, तर फिरवताना त्याच्या उतरत्या बाजू स्क्रूच्या खाचेतून वर सरकतात आणि टोक बाहेर फेकले जाते. म्हणून टोकाचा शेवटचा थोडा भाग दोन्हीकडून घासून समांतर करावा. त्याची जाडी खाचेत नेमकी बसेल इतकीच ठेवावी. अधिक चिन्हाच्या आकाराचे टोक झिजले, तर मात्र कानशीचा इलाज चालत नाही.

येथे एक गोष्ट सांभाळावी लागते. पोलाद तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवले की कठीण होते. मग ठिसूळपणा जावा म्हणून ते पुन्हा बेताने तापवतात. यालाच कारागीर पाणी देणे म्हणतात. सहाणेवर घासताना टोक तापते. सुमारे २३० अंश सेल्सिअसला त्यावर फिकट पिवळा रंग चढतो आणि सुमारे ३०० अंशांना निळा. निळा रंग दिसला की पाणी उतरले असे समजावे. ते टोक पुढे सहज वाकेल. म्हणून घासताना टोक वारंवार पाण्यात बुडवावे. सहाणेजवळ डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवा आणि घरातले मोठे माणूस शेजारी हवे. उलट, मुळातच हत्यारावर कानस लोण्यात फिरावी तशी फिरू लागली, तर त्या पोलादाला पाणीच नाही असे ओळखावे. आकार सुधारता येतो; हे वैगुण्य कानशीने जात नाही.

हातोडीचा दांडा सैल झाला की पुष्कळ लोक तो पाण्यात भिजत ठेवतात. लाकूड फुगते, वाळते आणि हातोडी पुन्हा डुगडुगते. त्यापेक्षा नवी पाचर ठोकावी.

मोटारीचा जॅक मात्र सुधारण्याच्या भानगडीत कोणी पडू नये. त्याला भोक पाडणे, डाग देणे, दांडा लांबवणे यांपैकी काहीही करू नये. जॅक सरकला तर खालच्या माणसाचे प्राण जातात. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कधीच शिरू नये.

राहिला तो वाटोळा नट. मामांनी त्यावर रात्रभर रॉकेल मुरू दिले. सकाळी त्याच्या समोरासमोरच्या दोन बाजू कानशीने सपाट केल्या, एक माप लहान पाना लावला आणि माझ्या हाती दिला. या खेपेस पाना निसटला नाही. नट करकरत सुटला, आणि दुपारी मी सायकलच्या दुकानातून नवा नट घेऊन आलो.