९०० टीडीएस, २० कुंड्या आणि फिल्टरचा हिशेब

बोअरच्या पाण्याचा टीडीएस लिटरला ९०० मिलिग्रॅम आहे आणि गच्चीवरच्या २० कुंड्यांना रोज २० लिटर पाणी लागते, असे धरू. वर्षभरात त्या मातीत ६.५७ किलो क्षार जातात. कुंडीमागे ३२८ ग्रॅम. फिल्टरची निवड या आकड्यापासून सुरू होते.

कार्बन फिल्टर क्लोरीन काढतो, यूव्ही जंतू मारतो. दोन्हींनंतर मीटर ९००च दाखवतो. सॉफ्टनरनंतरही आकडा जवळपास तोच राहतो, फक्त क्षारांची अदलाबदल होते. ४०० मिलिग्रॅम जडपणा गेला, की लिटरमागे १८४ मिलिग्रॅम सोडियम येते आणि झाडांना ते कॅल्शियमपेक्षा जास्त बाधते. घरगुती यंत्रांपैकी टीडीएस उतरवतो तो आरओ.

आरओची किंमत पाण्यातही मोजावी लागते. ओढलेल्या पाण्यापैकी २५ टक्के शुद्ध करणारे यंत्र २० लिटरसाठी ८० लिटर ओढते आणि ६० लिटर बाहेर टाकते. म्हणजे वर्षाला २१,९०० लिटर. शुद्ध पाण्याचा टीडीएस ५० धरला, तर बाहेर टाकलेल्याचा सुमारे १,१८० भरतो. ते कुंड्यांना घातल्यास क्षार ३१ टक्क्यांनी वाढतात.

सगळे पाणी आरओचे हवेच असे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या (एफएओ) १९८५च्या तक्त्यांनुसार टोमॅटोचे उत्पादन सुमारे १,०९० टीडीएसपर्यंत घटत नाही. फरसबी आणि स्ट्रॉबेरीची मर्यादा ४५०च्या आसपास आहे. म्हणजे ९००च्या पाण्यावर टोमॅटोला आरओ लागत नाही, फरसबीला टीडीएस निम्मा करावा लागतो. यात १५ ते २० टक्के पाणी मुळांखाली निथरून जाते, असे गृहीत आहे. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचून पुन्हा मातीत मुरत असेल, तर हा हिशेब लागू होत नाही.

टीडीएस निम्मा करायला पावसाचे पाणीही चालते. १० चौरस मीटर छतावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला आणि ८० टक्के पाणी हाती आले, तर ५,६०० लिटर जमतात. सगळे साठवायची गरज नाही. मार्च ते मे या ९२ दिवसांत रोज १० लिटर पावसाचे आणि १० लिटर बोअरचे पाणी घातले, तर पावसाचे ९२० लिटर लागतात. त्यासाठी १,००० लिटरची एक झाकणबंद टाकी पुरते.