वॉर्डातला दुसरा दरवाजा

कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्याचे आतले तालुके. एका अंगाने मुंबईची लोकल कर्जत-खोपोलीपर्यंत येते, द्रुतगती महामार्ग खालापुरातून जातो. दुसऱ्या अंगाला डोंगरातल्या ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. तिथे भातलावणीत साप चावतो, वीटभट्टीवरून परतलेले पोर खंगलेले असते. या माणसांना आपले दुःख जाणणारा डॉक्टर हवा आहे. म्हणूनच एखाद्या वाडीतली किंवा बौद्धवाडीतली मुलगी एमबीबीएसला लागली की सारी वस्ती पेढे वाटते. पण पुढे वॉर्डात तिचे काय होते, हा सवाल फारसा कोणी विचारत नाही.

आरक्षणाने महाविद्यालयाचा दरवाजा उघडला. वॉर्डाचा दरवाजा मात्र वरिष्ठांच्या मर्जीवर उघडतो. टाके घालायला कोणाला द्यायचे, प्रसूती कोणाच्या हातून करून घ्यायची आणि रक्ताच्या बाटल्या घेऊन प्रयोगशाळेत कोणाला पिटाळायचे, हे वरिष्ठ ठरवतात. दोघे एकाच वर्गात शिकतात. एकाला विद्या मिळते, दुसऱ्याच्या वाट्याला हमाली येते.

जळगाव जिल्ह्यातील आदिवासी तडवी भिल्ल समाजाच्या डॉ. पायल तडवी मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोग विभागात पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. २२ मे २०१९ रोजी त्यांनी आत्महत्या केली. जातीवरून छळ झाल्याची तक्रार कुटुंबाने केली आणि तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांवर आरोपपत्र दाखल झाले. दोष ठरवणे न्यायालयाचे काम आहे. पण रुग्ण वाचवायला आलेली लेक रुग्णालयातच का हरली, याचा जाब व्यवस्थेने दिलाच पाहिजे. ही काही पहिली घंटा नव्हती. दिल्लीच्या एम्समधील भेदभावाची चौकशी करणाऱ्या प्रा. सुखदेव थोरात समितीने २००७ सालीच वसतिगृहातल्या वेगळ्या वागणुकीपासून शिक्षकांच्या दुराव्यापर्यंत सारे नोंदवून ठेवले होते.

यावर ठरलेले उत्तर येते: डॉक्टर व्हायचे तर कष्ट पडणारच! कष्टाची भीती आमच्या मुलांना दाखवू नका. ज्यांच्या आयांनी चिखलात भात लावला, त्यांना रात्रपाळीचे काय मोठेसे? कष्ट वेगळे आणि अपमान वेगळा. शिवाय निवासी डॉक्टरांचे काम साधारणपणे दिवसाला १२ आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा अधिक नसावे, असा निर्देश केंद्र सरकारनेच ५ जून १९९२ रोजी दिला होता. त्याचे पालन किती होते, हे कोणत्याही सरकारी रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरला विचारावे. थकवा सर्वांनाच येतो. पण ज्याचा तिथे कोणी गॉडफादर नाही, त्याच्या माथी जादा पाळ्या सहज मारता येतात.

कामाचे समाधान म्हणजे चैन नव्हे. शिकवणारा हात, पुरेशी झोप आणि माणूस म्हणून मान, एवढेच ते आहे. ते न मिळालेला तरुण डॉक्टर रुग्णावर खेकसतो, सरकारी सेवेकडे पाठ फिरवतो, किंवा खचून जातो. नुकसान शेवटी वाडीवरच्या बाळंतिणीचे होते.

इंटर्नशिपच्या वर्षात समाजवैद्यकशास्त्राच्या प्रशिक्षणासाठी १२ आठवडे असतात. कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय, कशेळ्याचे ग्रामीण रुग्णालय अशी ठिकाणे या शिक्षणासाठी खरी शाळा ठरू शकतात. पण त्यासाठी शिकवायला अनुभवी डॉक्टर हजर हवा आणि मुलींना राहायला सुरक्षित खोली हवी. नुसती हजेरीवर सही घेऊन कोणी डॉक्टर घडत नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक वॉर्डात पाळ्यांचा तक्ता भिंतीवर लावा. कोणाला किती प्रसूती, किती शस्त्रक्रिया शिकायला मिळाल्या, त्याची नोंद विद्यार्थ्यांसमोर ठेवा. अनुसूचित जाती-जमाती कक्षात कोण बसते आणि तक्रारीचे काय झाले, ते जाहीर करा. आणि समाजातील डॉक्टरांनो, कर्मचारी संघटनांनो, सत्काराची शाल तयार ठेवता, तसा महिन्यातून एकदा वसतिगृहाचा जिनाही चढा. लेकरू एकटे नाही, हे तिथल्या वरिष्ठांना दिसू द्या.