कूपन, सूट आणि बिलाची शेवटची ओळ

मुंबईबाहेरच्या माणसाला गोराई म्हटलं की खाडीपलीकडचा किनारा आणि पॅगोडा आठवतो. बोरिवलीकरांसाठी गोराई ही आधी वसाहत आहे. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने मुंबई नागरी विकास प्रकल्प आला, त्यात म्हाडाने चारकोप आणि गोराईत छोटे भूखंड आखून दिले. त्यावर सोसायट्या उभ्या राहिल्या, तळमजल्यावर दुकानं आली आणि दुकानांच्या पाठोपाठ खाण्याच्या जागा: मालवणी खानावळ, उडपी, संध्याकाळची चायनीजची गाडी, परमिट रूम जोडलेलं ‘फॅमिली रेस्टॉरंट’. महिन्यातून एक-दोनदा बाहेर जेवणाऱ्या इथल्या घरांत हल्ली निघण्याआधी मोबाइल उघडला जातो. एक जण म्हणतो, कूपन मिळालं तरच जाऊ. दुसरा म्हणतो, कूपनवाले फसवतातच. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण बिल कसं बनतं हे दोघांनीही नीट पाहिलेलं नसतं.

“पन्नास टक्के सूट म्हणजे निम्मं बिल”

तसं क्वचितच होतं. जाहिरातीत ‘५० टक्क्यांपर्यंत’ असतं आणि खाली बारीक अक्षरांत कमाल रक्कम. समजा चौघांचं जेवण १,६०० रुपयांचं झालं. कूपन ५० टक्क्यांचं, पण कमाल सूट १५० रुपये. उरले १,४५०, त्यावर ५ टक्के जीएसटी धरून १,५२२ रुपये ५० पैसे. कूपन नसतं तर बिल १,६८० आलं असतं. म्हणजे प्रत्यक्ष सूट साडेनऊ टक्क्यांच्याही आत. शेजारच्या हॉटेलात कुठलीही मर्यादा न घालता सरळ २० टक्के सूट असेल, तर तेच बिल १,३४४ होतं. वीस टक्क्यांची पाटी पन्नासच्या पाटीपुढे फिकी दिसते, एवढंच.

‘किमान बिल’ ही दुसरी अट. आपलं जेवण ८०० चं होणार असेल आणि कूपन १,००० च्या पुढे चालत असेल, तर आपण दोनशेचं स्टार्टर वाढवतो आणि १५० वाचवल्याचं समाधान मानतो. खिशातून पन्नास जास्तच गेलेले असतात. भूक होती म्हणून स्टार्टर मागवलं असेल तर तक्रार नाही.

आणि काय वगळलंय तेही पाहायचं. थाळी, बुफे, कॉम्बो, दारू, बाटलीबंद पाणी हे बहुधा सवलतीबाहेर असतं. मासे खाणाऱ्यांनी मेन्यूत जिथे किंमत न छापता ‘साइजप्रमाणे’ लिहिलंय तिथे जपून राहावं. पापलेट आणि सुरमईचा भाव बाजारावर चढउतार करतो, पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीत तर जास्तच. त्यामुळे असे पदार्थ कूपनमधून वगळणं ही मालकाची लबाडी म्हणता येणार नाही. पण ते बसायच्या आधी कळायला हवं.

“एकावर एक फुकट म्हणजे अर्ध्या किमतीत”

फक्त दोघं असाल आणि दोघांनी सारख्याच किमतीचं मागवलं तर. फुकट मिळतो तो दोनांपैकी स्वस्त पदार्थ. एकाने ४५० ची सुरमई थाळी घेतली, दुसऱ्याने २०० ची शाकाहारी, तर वाचले २००. ६५० वर हे ३१ टक्के होतात. जेवणारे चार असतील आणि फुकटची थाळी एकच, तर चारही थाळ्या एका भावाच्या असल्या तरी सूट पंचवीस टक्क्यांवर थांबते.

“सूट ॲप देतं, हॉटेलवाल्याचं काय जातं?”

इथे थोडं थांबू, कारण कूपनच्या अटी अशा का असतात याचं उत्तर इथे आहे. टेबल आरक्षणाच्या आणि जेवणाच्या ॲपवरची मोठी सवलत बहुतेक वेळा रेस्टॉरंट स्वतःच्या खिशातून देतं, वर ॲपला कमिशनही देतं. बँकेची किंवा पेमेंट ॲपची सवलत वेगळी, तिचा भार ते उचलतात.

हे सगळ्यांना कळलं २०१९ मध्ये. झोमॅटोने नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘गोल्ड’ सदस्यत्व आणलं होतं. वार्षिक पैसे भरा आणि सहभागी रेस्टॉरंटमध्ये एका पदार्थावर एक किंवा दोन पेयांवर दोन मोफत घ्या. सदस्य वाढले, आणि सदस्यत्वाचे पैसे ॲपकडे जात असताना फुकट पदार्थाचा खर्च मात्र रेस्टॉरंटवर पडू लागला. १५ ऑगस्ट २०१९ ला नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशनच्या पाठिंब्याने ‘लॉगआउट’ मोहीम सुरू झाली. गुरुग्रामपासून पेटलेल्या या मोहिमेत मुंबईसह अनेक शहरांतली रेस्टॉरंटं अशा योजनांतून बाहेर पडली. पुढे योजनेची नावं बदलली, नियम आवळले गेले.

मग मालक सूट देतोच कशाला? भाडं, पगार आणि वीज टेबल रिकामं असलं तरी भरावी लागते. मंगळवारी दुपारी बसलेलं गिऱ्हाईक सवलतीतही परवडतं. शनिवारी रात्री दारात रांग असताना तेच गिऱ्हाईक नकोसं होतं. म्हणून सगळ्यात खरी कूपनं आठवड्याच्या मधल्या दिवसांची, दुपारची असतात आणि ३१ डिसेंबरला ती चालत नाहीत. निवृत्त मंडळींनी आणि शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलं तर त्यांच्याइतका फायदा कोणाचाच होणार नाही.

“एसीत बसलं की १८ टक्के”

हा समज २०१७ मध्येच थांबला आहे, पण अजून लोक पंख्याखालचं टेबल शोधतात. जीएसटी आला तेव्हा बिगर-एसीला १२ आणि एसीला १८ टक्के होते. १५ नोव्हेंबर २०१७ पासून सर्वसाधारण रेस्टॉरंटला सरसकट ५ टक्के आहे, एसी असो वा नसो. १८ टक्के लागतो तो महागड्या खोल्यांच्या तारांकित हॉटेलांतल्या रेस्टॉरंटमध्ये. गोराईच्या गल्लीत त्याचा संबंध नाही.

छोट्या खानावळीने कंपोझिशन योजना घेतली असेल, तर ती ग्राहकाकडून जीएसटी वसूलच करू शकत नाही. तिचा कर तिने आपल्या उलाढालीतून भरायचा असतो आणि कर वसूल करण्याचा अधिकार नसल्याचं बिलावर लिहायचं असतं. अशा बिलात ५ टक्क्यांची ओळ दिसली तर ती चूक आहे. बिलावरचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकला की करदाता नियमित आहे की कंपोझिशनमधला, ते लगेच कळतं.

आता सूट आणि कराचं नातं. रेस्टॉरंटने बिलातच सूट दाखवली तर कर सूट वजा करून उरलेल्या रकमेवर लागतो, केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम १५ तसं सांगतं. पण सूट बँकेने किंवा पेमेंट ॲपने दिली असेल, तर रेस्टॉरंटच्या लेखी बिल पूर्णच असतं आणि कर पूर्ण रकमेवर बसतो. दोन्हीकडे ‘२०० रुपये सूट’ लिहिलेलं असलं तरी शेवटच्या आकड्यात दहा रुपयांचा फरक पडतो. त्याला कोणी फसवणूक समजू नये.

दारू मात्र जीएसटीत नाहीच. तिच्यावर राज्याचा व्हॅट आहे. महाराष्ट्रात परमिट रूमचा व्हॅट ५ वरून १० टक्के झाला आणि इतर करांसोबत त्याच्या विरोधात १४ जुलै २०२५ ला राज्यातल्या बारमालकांनी बंद पाळला. जेवणाच्या कूपनचा या भागाशी संबंध जोडू नये.

“सर्व्हिस चार्ज हा सरकारी कर आहे”

नाही. तो रेस्टॉरंटने लावलेला आकार आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक तत्त्वं काढली: रेस्टॉरंटने तो आपोआप बिलात घालू नये, दुसऱ्या नावानेही वसूल करू नये, तो ऐच्छिक असल्याचं सांगावं. रेस्टॉरंट संघटना न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने ही तत्त्वं कायम ठेवली आणि दोन संघटनांना प्रत्येकी एक लाखाचा खर्च भरायला सांगितला. त्यावर अपील झालं आहे.

कूपनवाल्याने याकडे का पाहावं? वरचंच उदाहरण घेऊ. १,६०० चं जेवण, १५० सूट, पण १० टक्के सर्व्हिस चार्ज सूट वजा करण्याआधीच्या रकमेवर, म्हणजे १६०. बेरीज १,६१०, त्यावर जीएसटी धरून १,६९० रुपये ५० पैसे. कूपनशिवाय आणि सर्व्हिस चार्जशिवाय १,६८० झाले असते! कूपन वापरूनही साडेदहा रुपये जास्त. काउंटरवर शांतपणे “हा काढून द्या” म्हणावं. वेटरला बक्षिसी द्यायची तर हातात द्या, त्याला ती जास्त आवडते.

बाटलीबंद पाण्याचा समज मात्र उलटा आहे. छापील किमतीपेक्षा जास्त घेतलं की गुन्हा, असं अनेक जण ठामपणे सांगतात. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की हॉटेल आणि रेस्टॉरंट जास्त घेऊ शकतात, कारण ते नुसती बाटली विकत नसून सेवाही देतात. साधं पाणी मागा, भांडण नको.

“व्हाउचर घेऊन ठेवलं म्हणजे पैसे सुरक्षित”

आगाऊ विकत घेतलेल्या व्हाउचरला मुदत असते आणि अनेकदा ते एकाच फेरीत संपवावं लागतं. ५०० च्या व्हाउचरवर ४२० चं जेवलात तर ८० परत मिळतीलच असं नाही. त्यामुळे मोठ्या रकमेचं एक घेण्यापेक्षा छोट्या रकमांची दोन-तीन बरी. व्हाउचर घेताना त्याच्या किमतीवर जीएसटी लागत नाही, हे डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने स्पष्ट केलं. कर जेवणाच्या बिलावरच लागतो. विकणाऱ्याने ‘सुविधा शुल्क’ लावलं तर ते आणि त्यावरचा कर निराळा.

“कूपन नाही म्हणजे महाग”

माझं सर्वात मोठं भांडण या समजाशी आहे. मुंबईत स्वस्त जेवण ॲपने आणलेलं नाही. माटुंग्याच्या रामा नायक यांच्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगमध्ये १९४२ पासून लोक काउंटरवर आधी कूपन घेऊन केळीच्या पानावर जेवत आलेत. गिरणगावात बायकांनी चालवलेल्या खानावळींवर हजारो कामगार पोसले गेले. त्याच खानावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केलं. सरकारनेही १९९५ मध्ये एक रुपयाची झुणका-भाकर आणि २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांची शिवभोजन थाळी दिली. या जेवणाला ‘पन्नास टक्क्यांपर्यंत’ असं काही लिहावं लागलं नाही.

गोराईतल्या मालवणी खानावळीचं तसंच आहे. भाकरी, बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी. ॲपवर बहुधा नाव नाही आणि कमिशनही नाही, म्हणून भाव मुळातच आटोक्यात. आता सूट मिळते म्हणून पाच किलोमीटरवर जायचं ठरवलं तर फेब्रुवारी २०२५ पासूनच्या दराने रिक्षाचे साधारण ८६ रुपये एका वेळचे. रिक्षात तिघंच बसतात, म्हणजे चौघांना दोन रिक्षा, येऊन-जाऊन ३४४. दीडशेच्या कूपनसाठी! गोराई आगारातून सुटणारी बेस्ट घेतली तर गोष्ट वेगळी. खाडीपलीकडे गावात जायचं असेल तर फेरीबोट आणि शेवटच्या बोटीची वेळ हेही हिशेबात धरा.

“थाळीवर दोन थाळ्या फुकट” ही जाहिरात

फेसबुकवर एखाद्या प्रसिद्ध थाळी रेस्टॉरंटच्या नावाने ही जाहिरात दिसली तर तिला ऑफर समजू नका. मुंबईत आणि दिल्लीत तिच्यापायी लोकांचे मोठे पैसे गेलेत. पद्धत ठरलेली: लिंक दाबा, ‘बुकिंगसाठी’ एक ॲप उतरवा, कार्डाचा तपशील द्या, आलेला ओटीपी सांगा. ते ॲप तुमचा फोन दुसऱ्याच्या हाती देतं. खरं रेस्टॉरंट टेबल ठेवायला ओटीपी मागत नाही. जाहिरातीतला क्रमांक सोडून रेस्टॉरंटच्या पाटीवरच्या किंवा जुन्या बिलावरच्या क्रमांकावर फोन करा. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच क्षणी कळवा, उशीर होईल तसे ते परत मिळणं अवघड होतं.

कूपन चालू असूनही “आज नाही चालत” असं जेवण झाल्यावर ऐकावं लागलं, तर अटींचा स्क्रीनशॉट आणि बिल जपून ठेवा. खरं तर ‘हे कूपन आज चालेल का आणि कशावर’ हा प्रश्न ऑर्डर द्यायच्या आधी विचारायचा. तेव्हा उठून जाता येतं. नंतर मुंबई ग्राहक पंचायतीकडे सल्ला मागता येतो, जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, तिथे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. पण दीडशे रुपयांसाठी आयोगाची पायरी कोण चढणार? अशांसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. क्रमांक १९१५, आणि तक्रार मराठीत सांगता येते.